सूचनाफलकापासून मोबाइलपर्यंत : बदलते कार्यस्थळ आणि अंतर्गत संज्ञापन

मागील भागात आपण परिपत्रक व सूचना यांच्या लेखनाचे स्वरूप पाहिले. कामाची पद्धत बदलली की संस्थेच्या संज्ञापन विभागाला आपले लेखन कसे बदलावे लागते, हे आता भांडुपच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

भांडुपमध्ये सिएट, एशियन पेंट्स यांसारख्या कंपन्यांचे मोठे कारखाने उभे राहिले. पाळी बदलताना कामगार कारखान्याच्या फाटकातून ये-जा करीत; त्यामुळे फाटकाजवळचा सूचनाफलक हे सोयीचे माध्यम होते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १०८ मध्येही तशी तरतूद होती : अधिनियमानुसार लावावयाच्या सूचना इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, मुख्य प्रवेशद्वारापाशी ठळक जागी असाव्यात.

पुढे या पट्ट्यात कारखाने कमी होऊन निवासी संकुले, मॉल व कार्यालये वाढली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे उपनगरी रेल्वे सामान्य प्रवाशांसाठी बंद झाली आणि बरेचसे कार्यालयीन काम घरी आले. आज एकाच संस्थेतील काही कर्मचारी घरून काम करतात, काही कार्यालयात येतात. सुरक्षारक्षक व सफाई कामगार बहुधा कंत्राटदारामार्फत नेमलेले असतात. त्यांना कार्यालयीन ई-मेल मिळतोच असे नाही.

समजा, अतिवृष्टीच्या दिवशी पुढील सूचना ई-मेलने निघाली :

‘पर्जन्यमानाच्या अनुषंगाने उपस्थितीबाबत शिथिलता अनुज्ञेय राहील.’

व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. परंतु सफाईचे काम करणाऱ्या बाईंपर्यंत ते पोहोचत नाही. कोणी वाचून दाखविले, तरी आजचा पगार कापला जाईल का, हे त्यांना कळत नाही. त्या गुडघाभर पाण्यातून कामावर निघतात. हीच सूचना अशी लिहिता येईल :

‘रेल्वे बंद असल्यास आज कामावर येऊ नये. आजचा पगार कापला जाणार नाही. कंत्राटी कामगारांनाही ही सूचना लागू आहे. अडचण असल्यास पर्यवेक्षकांना फोन करावा.’

ती मराठी व हिंदीत मोबाइलवर पाठवावी, पर्यवेक्षकाने तोंडीही सांगावी आणि कोणाला मिळाली याची नोंद ठेवावी. माध्यम बदलले, तरी कलम १०८ मागील तत्त्व येथेही उपयोगी पडते : वाचणाऱ्याची भाषा आणि त्याची रोजची वाट ओळखून सूचना लिहावी.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : आपल्या परिसरातील एखाद्या संस्थेची सूचना मिळवा. ती कोणापर्यंत पोहोचत नसावी, ते ठरवून तिचे चार सोप्या वाक्यांत पुनर्लेखन करा.