घटक ५ : 'लेंढार' की 'गोतावळा'? मोठी कुटुंबे, सरकारी घरे आणि लोकमताची भाषा

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• एकाच सामाजिक वस्तुस्थितीसाठी भाषेत वेगवेगळे शब्द का वापरले जातात, हे सांगता येईल.
• शब्दनिवड, क्रियापद आणि सर्वनाम यांतून लोकमत कसे व्यक्त होते, याचे विश्लेषण करता येईल.
• 'कुटुंब', 'लाभार्थी', 'पात्र' या प्रशासकीय शब्दांचे अर्थ आणि त्यांचे बोलभाषेतील पडसाद यांत फरक करता येईल.
• एखादे विधान तपासताना त्यातील माहिती आणि मूल्यनिर्णय वेगळे काढता येतील.

५.२ प्रास्ताविक

मागील घटकांत आपण बोली, प्रमाणभाषा आणि प्रयुक्ती या संकल्पनांचा परिचय करून घेतला. समाजातील स्तर भाषेतून कसे दिसतात, हेही पाहिले. प्रस्तुत घटकात याच विचाराची पुढची पायरी गाठायची आहे. गरीब, मोठी आणि शासकीय साहाय्यावर अवलंबून असलेली कुटुंबे यांच्याविषयी समाज जे बोलतो, त्या बोलण्याची घडण आपण भाषेच्या अंगाने तपासणार आहोत.

उदाहरणासाठी कल्याणजवळचे मोहने घेऊ. उल्हास नदीच्या काठी वसलेल्या या भागाला आंबिवली हे रेल्वेस्थानक जवळचे आहे. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजेच 'एनआरसी', या कारखान्यामुळे मोहन्याची ओळख औद्योगिक नकाशावर आली. कारखान्याने कामगारांसाठी वसाहत बांधली. २००९ मध्ये कारखाना बंद झाला आणि कामगारांच्या थकीत देण्यांचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे रेंगाळला. जुने गावठाण, कंपनीची वसाहत, चाळी, झोपड्या आणि नव्या इमारती असे घरांचे अनेक प्रकार अशा परिसरात शेजारी शेजारी आढळतात. या प्रत्येक ठिकाणी सात माणसांचे एकेक कुटुंब राहते, अशी कल्पना करा. माणसे तेवढीच, पण लोक पाचही कुटुंबांना एकाच नावाने संबोधतील का? या प्रश्नापासून आपल्या अभ्यासाला प्रारंभ होतो.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ एक संख्या, अनेक नावे

मराठीत मोठ्या कुटुंबासाठी शब्दांची वाण नाही. 'एकत्र कुटुंब', 'गोतावळा', 'खटले', 'बारदाना', 'पोरवडा', 'लटांबर', 'लेंढार', 'पलटण' हे शब्द एकाच अर्थक्षेत्रातील आहेत. अभिधेने पाहिले तर सर्वांचा अर्थ 'पुष्कळ माणसे असलेले घर' किंवा 'पुष्कळ मुले' असाच होतो. व्यंजनेत मात्र फार मोठे अंतर आहे. 'गोतावळा' या शब्दात नात्यांची ऊब आहे. 'त्यांचे खटले मोठे' असे म्हणताना घराची ऐपत आणि जबाबदारी सूचित होते. 'लेंढार' म्हटले की माणसांचा कळप होतो, त्यातील व्यक्ती पुसल्या जातात. 'पलटण' हा लष्करातून आलेला शब्द थट्टेने वापरला जातो. पण ती थट्टा कोणाची करायची, हे ठरलेले असते.

आता हे शब्द कोणाला लागतात ते पाहा. जमीनजुमला असलेल्या घरातील पंधरा माणसे 'एकत्र कुटुंब' ठरतात आणि त्यांचे कौतुक होते. झोपडीतील सात माणसे 'लेंढार' ठरतात. म्हणजे हा शब्द माणसांच्या संख्येवरून ठरत नाही. त्या माणसांच्या वाट्याला किती जागा आली आहे, यावरून ठरतो. 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' हा आशीर्वाद ज्या समाजाने शतकानुशतके दिला, त्याच समाजाची ही भाषा आहे. वारकरी परंपरेने तर विठ्ठलालाही 'लेकुरवाळा' म्हटले. पुष्कळ लेकरे असणे हा भाषेत मुळात दोष नव्हता. तो दोष केव्हा आणि कोणाच्या बाबतीत झाला, हे पाहणे महत्त्वाचे आहे.

५.३.२ 'होणे' आणि 'काढणे'

पुढील दोन वाक्यांची तुलना करा.
(अ) त्यांना चार मुले झाली.
(आ) पोरे काढायची आणि सरकारकडून घरे घ्यायची.

पहिल्या वाक्यात 'होणे' हे अकर्मक क्रियापद आहे आणि 'त्यांना' ही चतुर्थी आहे. येथे आई-वडील हे घटनेचे अनुभव घेणारे आहेत. दुसऱ्या वाक्यात 'काढणे' हे सकर्मक क्रियापद आले. मूल ही घडणारी गोष्ट न राहता हेतूने केलेली कृती झाली. शिवाय 'काढायची', 'घ्यायची' या रूपांमुळे कर्ता वाक्यातून नाहीसा झाला. कोणी काढली, केव्हा, किती जणांनी, हे सांगण्याची गरजच उरली नाही. एका कुटुंबाविषयीचे विधान अशा रीतीने संपूर्ण वर्गाच्या सवयीचे विधान बनते. 'आणि' हे साधे उभयान्वयी अव्यय येथे कार्यकारणाचा भार वाहते : घर मिळावे म्हणून मुले, असे ते सुचवते. हा आरोप उघड शब्दांत मांडलेला नाही, म्हणून तो खोडून काढणेही कठीण जाते.

सर्वनामांकडेही लक्ष द्या. 'आम्ही वीस वर्षे हप्ते भरायचे आणि यांना फुकट घर' या वाक्यातील 'आम्ही' समोरच्याला वगळणारा आहे. मराठीत 'आपण' हे श्रोत्याला सामावून घेणारे सर्वनाम आहे. 'आपल्या करांच्या पैशांतून यांना घरे' असे म्हणताना वक्ता श्रोत्याला आपल्या बाजूला ओढतो आणि 'यांना' बाहेर ठेवतो. वास्तविक साबण, काडेपेटी, मोबाइलचे रिचार्ज यांवरील कर झोपडीत राहणारी व्यक्तीही भरते. 'आपण' या शब्दात तिला जागा मिळत नाही, एवढेच.

५.३.३ 'फुकट', 'मोफत', 'सवलत', 'खैरात'

पैसे न देता किंवा कमी देऊन मिळणाऱ्या वस्तूसाठीही मराठीत शब्दांची उतरंड आहे. 'विनामूल्य' हा औपचारिक शब्द, 'मोफत' हा व्यवहारातला, 'फुकट' हा उपहासाकडे झुकणारा आणि 'खैरात' हा उघड हिणवणारा. 'अनुदान', 'सवलत', 'प्रोत्साहन' हे शब्द याच अर्थाच्या जवळपास असूनही त्यांना कलंक चिकटलेला नाही. जुन्या कररचनेत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजापोटी वर्षाला दोन लाख रुपयांपर्यंतची रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करता येते. ती 'सवलत' होय. तिला कोणी 'फुकटचे पैसे' म्हणत नाही. मुंबईतील बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. तेथील भाडेकरूंना पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरे विनामोबदला देण्याचे ठरले, तेव्हा 'हक्काचे घर' हा शब्दप्रयोग रूढ झाला. झोपडीधारकाच्या घराला मात्र 'फुकट' हे विशेषण कायमचे चिकटले.

हे घर खरोखर फुकट असते का? महाराष्ट्रात झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाची व्यवस्था १९९५ पासून सुरू झाली. तिच्यात विकासक झोपडीधारकांसाठी इमारत बांधतो आणि मोबदल्यात त्याला खुल्या बाजारात विकण्यासाठी वाढीव बांधकामाचा हक्क मिळतो. म्हणजे खर्चाचा मुख्य भार जमिनीच्या किमतीतून निघतो. दुसरी योजना शहरी गरिबांसाठी मूलभूत सुविधांची, अर्थात 'बीएसयूपी'. २००५ मध्ये सुरू झालेल्या नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानाचा ती भाग होती आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेनेही ती राबवली. तिच्यात लाभार्थ्याचा किमान १२ टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती व इतर दुर्बल घटकांसाठी १० टक्के हिस्सा अपेक्षित होता. तेव्हा 'फुकट' हा शब्द वस्तुस्थितीचे वर्णन कमी आणि वक्त्याच्या भावनेचे वर्णन अधिक करतो.

मोहन्याच्या संदर्भात आणखी एक निरीक्षण उपयुक्त ठरेल. कंपनीची वसाहत हीसुद्धा बाजाराबाहेर मिळालेली घरेच होती. पण ती कामाच्या नात्याने मिळाली, म्हणून तेथे 'फुकट' हा शब्द शिरला नाही. अशा कोणत्याही वसाहतीत नोकरी असेपर्यंत 'क्वार्टरमध्ये राहणारे' कुटुंब नोकरी संपताच 'क्वार्टर न सोडणारे' कुटुंब होते. भिंती त्याच, माणसे तीच; क्रियापद बदलले. प्रतिष्ठित निवारा आणि आक्षेपार्ह निवारा यांतील अंतर कधी कधी केवळ एका पगारपत्रकाचे असते.

५.३.४ 'कुटुंब' : कायद्याचा शब्द आणि लोकांचा शब्द

आता 'मुले वाढवली की लाभ वाढतो' हे विधान माहितीच्या कसोटीवर घासून पाहू. येथे 'कुटुंब' या शब्दाचा प्रशासकीय अर्थ निर्णायक ठरतो.

पुनर्वसनात घर पात्र झोपडीमागे मिळते, डोक्यामागे नव्हे. त्याचे चटईक्षेत्र आधी २२५, मग २६९ आणि पुढे ३०० चौरस फूट झाले. दोन माणसांच्या कुटुंबाला जेवढे घर, तेवढेच आठ माणसांच्या कुटुंबाला. म्हणजे मोठ्या कुटुंबाला दरडोई जागा कमी मिळते. प्रधानमंत्री आवास योजनेत 'कुटुंब' म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. आपण ज्याला एक कुटुंब म्हणतो, ते तेथे दोन किंवा तीन कुटुंबे असू शकते. 'एकाच घरातल्यांना दोन घरे' या तक्रारीमागे पुष्कळदा हा अर्थभेद असतो.

अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार प्राधान्य गटाला दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते. येथे माणसे वाढली की धान्य वाढते, हे मान्य केले पाहिजे. परंतु ते प्रौढ माणसाच्या महिन्याच्या गरजेइतकेही नसते. अंत्योदय गटाला तर कुटुंबामागे ३५ किलो. तेथे माणसे वाढली की वाटा घटतो. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये आली. तिचे दरमहा १५०० रुपये मुलांच्या संख्येवर ठरत नाहीत. उलट मोठ्या कुटुंबाला राज्यात काही दारे बंद आहेत. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्या व्यक्तीला स्थानिक स्वराज्य संस्थेची निवडणूक लढवता येत नाही, आणि २००५ च्या नियमांनी राज्यसेवेतील भरतीसाठीही लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन आवश्यक केले.

शिवाय कुटुंबेच लहान होत आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आढळला. देशातील सर्वांत गरीब पंचमांशात तो २.६, तर सर्वांत संपन्न पंचमांशात १.६ होता. गरीब घरात मुले अधिक आहेत, हे खरे. पण फरक सरासरी एका मुलाचा आहे. 'लेंढार' या शब्दाने जे चित्र डोळ्यांसमोर येते, ते या एका मुलाच्या फरकापेक्षा कितीतरी मोठे असते.

५.३.५ काळजीपासून आरोपापर्यंत

मोठ्या कुटुंबाविषयी बोलणे मुळातच चुकीचे आहे, असे समजण्याचे कारण नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने १९३८ मध्ये प्रभाकर रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. या विचारधारेत वारंवारच्या बाळंतपणाने खंगणारी स्त्री आणि गरिबीत रुतणारे घर केंद्रस्थानी होते. 'कुटुंब मोठे असल्याने त्यांचे हाल होतात' हे ते विधान होय. 'कुटुंब मोठे करून ते आपल्याला लुबाडतात' हे विधान त्याच्यासारखे दिसले, तरी त्याची दिशा उलटी आहे. पहिल्यात सोसणारा गरीब आहे; दुसऱ्यात सोसणारा वक्ता आहे.

न्यायालयीन भाषेतही अशा दोन दिशा दिसतात. मुंबईच्या पदपथवासीयांच्या प्रकरणात (ओल्गा टेलिस, १९८५) सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्काशी जोडला. झोपड्या हटवण्यास न्यायालयाने मनाई केली नाही. परंतु माणसे कामासाठी तेथे येतात, हे निर्णयाच्या भाषेत मान्य झाले. २००० मध्ये दिल्लीच्या घनकचऱ्यासंबंधीच्या प्रकरणात (अल्मित्रा पटेल) त्याच न्यायालयाने सार्वजनिक जमिनीवरील अतिक्रमणाबद्दल फुकट पर्यायी जागा देण्याची तुलना खिसेकापूला बक्षीस देण्याशी केली. पंधरा वर्षांत रूपक बदलले : पोटासाठी आलेला माणूस खिसेकापू झाला. 'झोपडपट्ट्यांचा विळखा', 'शहराला लागलेली कीड' ही वृत्तपत्रीय रूपके याच वळणाची आहेत. रूपक एकदा स्वीकारले की उपायही त्यातूनच सुचतो. किडीशी कोणी चर्चा करत नाही.

५.३.६ तक्रारीतील तथ्य

भाषेचे विश्लेषण म्हणजे तक्रार करणाऱ्याचे तोंड बंद करणे नव्हे. कर्जाचा हप्ता भरता भरता ज्याची उमेद सरते, त्याची खंत खोटी नाही. पुनर्वसनाची घरे मुदतीपूर्वी परस्पर विकली जातात, पात्रतेच्या यादीत, म्हणजे 'परिशिष्ट-२' मध्ये, गैरप्रकार होतात, या तक्रारी गंभीर आहेत आणि त्या नेमक्या शब्दांत मांडल्या गेल्या पाहिजेत. 'अमुक इमारतीत घरे बेकायदा विकली गेली' हे विधान तपासता येते आणि त्यावर कारवाई होऊ शकते. 'हे लोक असेच' या विधानावर कारवाई होत नाही. केवळ तिरस्कार वाढतो. सहानुभूतीची भाषाही तपासावी लागते. 'बिचारे' हा शब्द माणसाला दयेचा विषय करतो. 'लाभार्थी' या शब्दाची फोड 'लाभाची इच्छा करणारा' अशी होते. त्यात नागरिक मागणारा ठरतो, हक्कदार नव्हे.

आपल्यापैकी काही विद्यार्थी कार्यालयांत अर्ज स्वीकारत असतील, काही स्वतः अर्ज भरत असतील, तर काहींची नावे अशा यादीत असतील. खिडकीच्या दोन्ही बाजूंना हीच भाषा वापरली जाते. खिडकीपलीकडच्या माणसाचे काम लवकर होणार की त्याला चार फेऱ्या पडणार, हे कधी कधी आपण त्याला मनात कोणते नाव दिले आहे, यावर अवलंबून असते.

५.४ सारांश

मोठ्या आणि गरीब कुटुंबांविषयीचे लोकमत प्रथम शब्दनिवडीत घडते आणि युक्तिवाद मागाहून येतो. 'लेंढार' व 'गोतावळा', 'होणे' व 'काढणे', 'सवलत' व 'फुकट', 'आपण' व 'यांना' या जोड्यांतून माणसांची प्रतवारी होते. माहिती तपासली असता घर कुटुंबामागे मिळते, मुलांमागे नव्हे, हे दिसते. रास्त तक्रार नेमक्या शब्दांत मांडणे आणि सरसकट नाव ठेवणे टाळणे, हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे.

५.५ शब्दार्थ

अर्थक्षेत्र : अर्थाने परस्परांशी निगडित असलेल्या शब्दांचा समूह.
खटले : (येथे) मोठे घरदार, प्रपंच.
चटईक्षेत्र : घरातील प्रत्यक्ष वापराच्या जागेचे क्षेत्रफळ.
पंचमांश : पाच समान भागांपैकी एक भाग.

५.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. 'आम्ही' आणि 'आपण' यांत कोणता अर्थभेद आहे?
२. अंत्योदय गटातील कुटुंबात माणसे वाढली की दरडोई धान्याचे काय होते?

आ) दहा ते बारा ओळींत उत्तरे लिहा.
१. 'पोरे काढायची आणि सरकारकडून घरे घ्यायची' या वाक्याचे व्याकरणिक विश्लेषण करा.
२. 'फुकट' आणि 'सवलत' या शब्दांच्या वापरातील सामाजिक भेद सोदाहरण स्पष्ट करा.

५.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील घरांविषयीच्या संभाषणांतून, कोणाचेही नाव न नोंदवता, दहा वाक्ये टिपून घ्या. प्रत्येक वाक्यातील माहिती आणि मूल्यनिर्णय दोन रकान्यांत वेगळे मांडा. नंतर तीच माहिती ठेवून, मूल्यनिर्णय वगळून वाक्ये पुन्हा लिहा. कोणत्या वाक्यात मूल्यनिर्णय काढल्यावर काहीच उरले नाही, त्याची स्वतंत्र नोंद करा.