सेवेला जाणाऱ्यांनी आधी विचारावं

परदेशातून मिशनच्या दवाखान्यात सेवेसाठी येणाऱ्या तरुण मुलामुलींना कामाला लावणं आणि सुट्टीच्या दिवशी त्यांची काळजी वाहणं, या दोन्ही जबाबदाऱ्या परिचारिका म्हणून नोकरी करताना बरीच वर्षं माझ्याकडे होत्या. कोल्हापूर भागात येणारी ही मुलं मनाची चांगली असतात. घरदार, सुट्टी, पैसे बाजूला ठेवून ती येतात. त्यांच्याविषयी माझ्या मनात माया आहे, म्हणूनच हे लिहिते आहे. नुसत्या चांगल्या मनानं रुग्णाचं भलं होत नाही.

परमुलखात जाऊन सेवा करण्याच्या परंपरेशी कोल्हापूरचं नातं जुनं आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये इथं आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. १८८६ मध्ये अमेरिकेत माउंट हर्मन इथं भरलेल्या विद्यार्थ्यांच्या शिबिरात शंभर तरुण परदेशी मिशनकार्याला तयार झाले, त्यामागे रॉबर्टचा मोठा वाटा होता. त्यातूनच विद्यार्थी स्वयंसेवकांची मोठी चळवळ उभी राहिली. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये या भागात आले, १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केलं आणि चार दशकांच्या आसपास इथं काम केलं. ही माणसं राहायला आली होती. मराठी शिकायला, माणसं ओळखायला त्यांच्याजवळ वर्षं होती. आजचा स्वयंसेवक काही आठवड्यांसाठी येतो. त्याच्या हातून काही बिघडलं तर ते निस्तरेपर्यंत त्याची परतायची वेळ झालेली असते.

एकदा ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेला एक लहान मुलगा सकाळपासून रडत होता. एका स्वयंसेवक मुलीला ते बघवेना. तिनं त्याला चॉकलेट दिलं. आजी जवळच होती, हात हलवून नको नको म्हणत होती; मुलीला वाटलं, आजी संकोचानं नाही म्हणते आहे. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. भूल देताना पोटात अन्न असेल तर उलटी होऊन ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती. आणि त्या मुलाचा बाप रोजगार बुडवून थांबला होता. एक दिवस म्हणजे त्यांच्यासाठी एका दिवसाची मजुरी.

तेव्हापासून नव्या स्वयंसेवकाला मी आधी काही वाक्यं शिकवायची: ‘काय हवंय?’, ‘दुखतंय का?’, ‘थांबा, सिस्टरना विचारते.’ यातलं तिसरं सगळ्यांत उपयोगी. रुग्णाला खायला, प्यायला, औषध द्यायचं ते विचारूनच. स्वतःच्या देशात वैद्यकीय शिक्षण चालू असलं, तरी इथं नोंदणी आणि परवानगी असल्याशिवाय इंजेक्शनला, टाक्यांना हात लावायचा नाही. रुग्णाचा फोटो काढायचा नाही. गरिबाचीही अब्रू असते. मिशनच्या वसतिगृहातल्या मुलांना ‘मी पुन्हा येईन’ असं सांगायचं नाही. तो शब्द ती मुलं फार दिवस धरून ठेवतात.

आता सुट्टीबद्दल. एका जुलैमध्ये काही स्वयंसेवक ‘पन्हाळ्याला जाऊन येतो’ म्हणून शनिवारी निघाले. पन्हाळा वीसेक किलोमीटरवर, संध्याकाळी परत येतील असं आम्ही धरून चाललो. त्यांनी मात्र गडावर कुणाकडून तरी पावनखिंडीच्या वाटेची गोष्ट ऐकली आणि मसाई पठाराकडं चालायला लागले. १६६० च्या जुलैमध्ये शिवाजी महाराज सिद्दीच्या वेढ्यातून निसटून याच वाटेनं विशाळगडाकडं गेले. ही वाट बघावी असं कुणालाही वाटेल. पण ती पन्नासेक किलोमीटरची, चिखलाची, ओढ्यांची आहे. जाणकार लोक ती दोन दिवसांत, वाटाड्या आणि मुक्कामाची सोय करून चालतात.

दुपारनंतर पाऊस वाढला. एका ओढ्यापाशी वाडीतल्या म्हाताऱ्यानं त्यांना अडवलं. ‘पाणी उतरंल, पर आज न्हाई. घरला चला,’ म्हणाला. त्यानंच त्यांना भाकरी दिली, अंथरूण दिलं. फोनला रेंज नव्हती. इकडं दवाखान्यात रात्रपाळीचे लोक, ड्रायव्हर, शेवटी पोलीस, सगळे शोधात. सोमवारी मलकापूरमार्गे एसटीनं ती मुलं परत आली. जीव वाचला तो त्या म्हाताऱ्यामुळं. त्यांच्या वाट्याचं काम तोवर दोन सिस्टरनी ओढलं होतं.

म्हणून सांगते, पावसाळ्यात कोल्हापूरबाहेर पडताना राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी आधी पाहा. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गसुद्धा बंद पडला होता. गगनबावडा, राधानगरीकडचे रस्ते तर त्याआधीच पाण्याखाली जाऊ शकतात. धबधब्याखाली उतरू नका. वर पडलेला पाऊस खाली उभ्या असलेल्याला दिसत नाही. पायाला जखम असेल तर पुराच्या आणि भातखाचराच्या पाण्यात जाऊ नका, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. ताप आला तर कुठं भिजलात ते डॉक्टरांना सांगा. कुठं जातो, कोण बरोबर आहे, कधी परतणार, हे लिहून ठेवा. बेत बदलला तर कळवा. कळवता येत नसेल तर बदलू नका.

यजमान संस्थांचंही कर्तव्य आहे. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत ऑनलाइन नोंद करावी लागते, ती टाळू नये. पर्यटक व्हिसावर विनामोबदला सेवा जास्तीत जास्त एक महिनाच करता येते. त्याहून जास्त राहायचं किंवा धर्मप्रसाराचं काम करायचं असेल तर योग्य तो व्हिसा आधीच घ्यावा. नाहीतर सेवेला आलेलं पोर पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढत बसतं.

आता आपलीही मुलं नेपाळला, आफ्रिकेला अशाच कामाला जातात. त्यांच्या आईवडिलांना माझं सांगणं आहे: पोराच्या बॅगेत काय आहे ते नंतर बघा, आधी तिथल्या भाषेतली दहा वाक्यं त्याला येतात का ते विचारा. तिथं त्याच्यावर देखरेख करणाऱ्या माणसाचं नाव आणि फोन नंबर घ्या. ते नाव सांगता येत नसेल, तर त्याला अजून पाठवू नका.