दात आले, हाडं अजून भरायचीत
वजन ओढण्याचं प्रशिक्षण कोणत्या वयात सुरू करायचं आणि त्याला खर्च किती? ठाणे, कल्याण-डोंबिवलीच्या श्वानपालकांसाठी

सात महिन्यांचा रॉटवायलर. वजन अठ्ठावीस किलो, छाती रुंद, दात सगळे आलेले. घोडबंदर रोडच्या किंवा पलावाच्या एखाद्या सोसायटीत असं पिल्लू दिसलं की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘याला टायर लावा, बघा कसा होतो!’’ मोबाइलवर टायर ओढणाऱ्या, गाडी हलवणाऱ्या कुत्र्यांचे व्हिडिओ प्रत्येकाने पाहिलेले असतात. घरातला मुलगा साखळी शोधायला लागतो आणि एखादा ट्रेनर पॅकेज सांगून मोकळा होतो.

थोडक्यात उत्तर असं. पट्टा, हार्नेस आणि शिस्त यांची ओळख तिसऱ्या महिन्यापासून करून द्या. वजन मात्र मध्यम बांध्याच्या कुत्र्याला वर्षानंतर, लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशा मोठ्या जातींना दीड वर्षानंतर आणि ग्रेट डेन, मॅस्टिफ, सेंट बर्नार्ड अशा अजस्र जातींना दोन वर्षांनंतरच लावा. तेही एक्स-रे काढून झाल्यावर.

दात फसवतात

कल्याण-अंबरनाथच्या ग्रामीण पट्ट्यात बैलगाडा शर्यतीचा नाद जुना आहे. बैलाची पारख असणारा माणूस आधी तोंड उघडून बघतो. आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळला अशी त्याची मोजणी असते. बैलाचे पक्के दात साधारण दुसऱ्या वर्षानंतर जोडीजोडीने येतात, त्यामुळे दातांवरून अंगातली ताकद ताडता येते.

कुत्र्याला हा हिशेब लागू पडत नाही. त्याचे बेचाळीसच्या बेचाळीस पक्के दात सातव्या महिन्यापर्यंत आलेले असतात. तोंडाने पिल्लू मोठं झालेलं असतं, पण हाडं अजून वाढत असतात. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पट्टी असते आणि हाडाची लांबी तिथेच वाढते. ही पट्टी बंद होईपर्यंत ती भोवतालच्या अस्थिबंधांपेक्षाही नाजूक असते. मोठ्या कुत्र्याला जिथे नुसती मुरगळ येईल, तिथे पिल्लाची ही पट्टीच दुखावते. मग पाय वाकडा वाढतो किंवा आखूड राहतो.

अमेरिकेतल्या इंटरनॅशनल वेट पुल असोसिएशनच्या स्पर्धेत एक वर्षाखालच्या कुत्र्याला प्रवेश नाही. एक वर्ष ही तिथली किमान अट आहे. तुमच्या मोठ्या जातीच्या पिल्लाला ते वय पुरेसं आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. खुब्याच्या सांध्याचं अंतिम प्रमाणपत्र देणारी तिथली ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था तर चोवीस महिने पूर्ण होण्याआधी ते देतच नाही.

व्हिडिओतलं वजन आणि रस्त्यावरचं वजन

त्या स्पर्धांत कुत्रा चाकांच्या गाडीवर किंवा रुळांवर ठेवलेलं वजन सोळा फूट ओढतो, मिनिटभराच्या आत. मालकाने त्याला हात लावायचा नसतो. वजनाचे आकडे अचाट वाटतात, कारण चाकांवरच्या ओझ्याला घर्षण फार कमी असतं. डांबरावरून फरफटणाऱ्या टायरचं तसं नाही. वीस किलोचा टायर कोरड्या डांबरावरून ओढायला साधारण बारा ते सोळा किलोचा जोर लागतो. तेवढंच ओझं चांगल्या चाकांवर असेल तर किलोभर जोरही पुरतो. म्हणजे ‘‘फक्त टायरच तर आहे’’ हे वाक्य चुकीचं आहे.

वयानुसार काय करायचं

दोन ते चार महिने. लसीकरण आणि ओळखी. रिक्षाचा हॉर्न, लिफ्टचं दार, छत्री, लहान मुलं, हेल्मेट घातलेला माणूस या सगळ्याची भीती याच वयात मोडते. डोंबिवली-कल्याणच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतींत राहणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की पाळावी: तीन महिन्यांपर्यंत पिल्लाला जिन्यावरून उचलून न्या. नॉर्वेत चार मोठ्या जातींच्या पिल्लांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या वयात रोज जिने चढणाऱ्या पिल्लांना खुब्याच्या सांध्याचा दोष होण्याची शक्यता जास्त आढळली. मऊ जमिनीवर मोकळं बागडणाऱ्यांत ती कमी होती.

चार ते आठ महिने. बस, थांब, ये, सोड. पट्टा न ताणता चालणं. इथेच एक युक्ती शिकवून ठेवा: गळ्यात पट्टा असेल तेव्हा ओढायचं नाही, अंगात हार्नेस असेल तेव्हा पुढे चालायचं. पुढे वजन लावायचं असो वा नसो, ही सवय आयुष्यभर उपयोगी पडते. हार्नेसला मागे नुसती हलकी दोरी लोंबकळू द्या. सहा महिन्यांनंतर त्या दोरीला रिकामी प्लास्टिकची बाटली बांधली तरी चालते. मागून येणाऱ्या आवाजाला त्याने बिचकू नये, एवढाच तिचा हेतू.

आठ ते अठरा महिने. मोठ्या जातींसाठी हा थांबण्याचा काळ. माती, गवत, वाळूवर चालणं, सोय असेल तर पोहणं. उड्या मारायला लावणं, बाइकमागे पळवणं, ट्रेडमिलवर दमवणं नको.

एक्स-रेनंतर. कुत्र्याच्या स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाने सुरुवात करा. तीस किलोच्या कुत्र्याला तीन किलो. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी पाच-दहा मिनिटं, मऊ जमिनीवर. वजन वाढवायचं ते आठवड्याच्या हिशेबाने, रोजच्या हौसेने नाही. कुत्रा थांबला तर त्या दिवशी काम संपलं.

खर्चाचा हिशेब

खालचे आकडे तीस किलोच्या आसपास जाणाऱ्या कुत्र्याच्या, दोन महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतच्या, ठोकळ अंदाजाचे आहेत. पिल्लाची किंमत त्यात धरलेली नाही. भावाभावात फरक पडतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा आणि या पल्ल्यांशी ताडून बघा.

- लसीकरण आणि तपासणी: ६,००० ते १०,००० रुपये
- खाद्य, महिना ४,००० ते ८,००० प्रमाणे सोळा महिने: ६४,००० ते १,२८,०००
- जंत आणि गोचिडांची औषधं: ११,००० ते २४,०००
- मूलभूत प्रशिक्षण, तीन महिने: १८,००० ते ३०,०००
- रोजचे हार्नेस, वाढत्या अंगाला दोन मापं: १,५०० ते ४,०००
- भूल देऊन खुबा आणि कोपराचा एक्स-रे: ३,००० ते ६,०००
- ओढण्याचा खास हार्नेस, एकदाच: ४,००० ते ७,०००
- वजन ठेवायची लाकडी किंवा लोखंडी घसरगाडी, स्थानिक फॅब्रिकेटरकडून: २,००० ते ४,०००
- ओढण्याच्या सरावाची आठ-दहा सत्रं: ८,००० ते १५,०००

बेरीज १,१७,५०० ते २,२८,००० रुपये. यातला खास ओढण्यासाठीचा खर्च, म्हणजे शेवटच्या तीन ओळी, १४,००० ते २६,००० भरतो. एकूण खर्चाच्या आठव्या-नवव्या हिश्शाएवढा. बाकीचा सगळा पैसा कुत्रा नीट वाढवण्याचा आहे आणि तो वजन न ओढणाऱ्या कुत्र्यालाही लागतोच. म्हणून चौथ्या महिन्यातच ‘स्ट्रेंथ पॅकेज’ विकणाऱ्याला नकार देताना तुमचं काही बुडत नाही. घाईत गुडघ्याचा अस्थिबंध तुटला तर मात्र एका पायाच्या शस्त्रक्रियेचं बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं.

पैसे कुठे वाचवू नयेत, कुठे वाचवावेत

लस आणि एक्स-रे यांत काटकसर नको. पावसाळ्यात आपल्याकडे रस्तोरस्ती पाणी तुंबतं. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यालाही होतो, माणसालाही. त्याची लस दरवर्षी द्यायची. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या वेळापत्रकाने. महापालिकेचा श्वान परवाना काढताना रेबीज लसीचा दाखला लागतो, तो जपून ठेवा.

वाचवायचे असतील तर कॅल्शियमच्या बाटलीवरचे वाचवा. ‘‘मोठ्या जातीचं आहे, हाडं मजबूत व्हायला हवीत’’ म्हणून अनेक घरांत पिल्लाला वरून कॅल्शियम पाजतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीच्या तयार खाद्यात ते मोजून घातलेलं असतं. त्यावर आणखी दिलं की हाडांची वाढ बिघडू शकते. डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्याशिवाय नको.

दुसरी बचत खाण्यातली. पिल्लू गुबगुबीत दिसावं असं प्रत्येक आजीला वाटतं. पण अमेरिकेत अठ्ठेचाळीस लॅब्राडॉरवर त्यांच्या आयुष्यभर एक अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खाणारे कुत्रे जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा झिजले. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हाताला लागाव्यात. मोजमापाचं भांडं वापरा.

ओढण्याचा हार्नेस मात्र स्वस्तातला घेऊ नका. छातीवर रुंद, आतून मऊ अस्तर आणि मागच्या पायांना दोरी घासू नये म्हणून शेवटी आडवी दांडी, असा तो हवा. पट्ट्याला किंवा साखळीला वजन कधीच बांधायचं नाही. सगळा जोर श्वासनलिकेवर येतो. ओढण्याचा हार्नेस वाढत्या वयात विकत घेतलात तर तीन महिन्यांत लहान होईल.

हवा, जागा आणि कायदा

कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो आणि आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत ते पुरेसं पडत नाही. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये सराव सकाळी सातच्या आत किंवा अंधार पडल्यावर. तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. हस्कीसारख्या थंड प्रदेशातल्या जातीला इथे वजन लावायचा विचारही नको.

येऊरच्या जंगलवाटांवर सरावाला जाऊ नका. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे आणि तिथे बिबटे आहेत. सोसायटीची बाग किंवा पहाटेचं रिकामं मैदान बरं. हातात पट्टा आणि पिशवी असू द्या.

कायद्याचंही ऐका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराला झेपणार नाही इतकं ओझं लादणं किंवा राबवणं हा गुन्हा आहे. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांत बैल, रेडा, तट्टू, खेचर, गाढव, उंट यांच्या वजनमर्यादा दिल्या आहेत. कुत्र्याचं त्या यादीत नावच नाही. पारा ३७ अंशांवर गेला तर दुपारी बारा ते तीन ओझ्याच्या जनावराला जुंपू नये, असंही तिथे म्हटलं आहे. बैलांसाठी जे ठरलं, ते आपण घरच्या कुत्र्यासाठी आपणहून पाळायला हरकत नाही. महाराष्ट्राने शर्यतीची मुभा बैलगाड्यांना दिली आहे. तिचा आधार कुत्र्याच्या शर्यतीला घेता येत नाही.

पिल्लू अजून घ्यायचं असेल तर २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरची नोंदणी आहे का ते विचारा. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. आई-वडिलांच्या खुब्याचे एक्स-रे मागा. ‘‘तसं कुणी मागत नाही हो,’’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा.

ट्रेनरला विचारायचे पाच प्रश्न

१. वजन कितव्या महिन्यापासून लावणार? वर्षाच्या आतलं उत्तर आलं तर तिथेच थांबा.

२. त्याआधी एक्स-रे मागणार का?

३. शिकवण्याची पद्धत कोणती? खाऊ आणि शाबासकी, की चोक चेन आणि फटका?

४. सराव माझ्यासमोर होईल का? कुत्रा बोर्डिंगला ठेवूनच शिकवतो म्हणणाऱ्याकडे काय चालतं ते तुम्हाला दिसत नाही.

५. सत्रं किती, मिनिटं किती, बुडालेल्या सत्राचं काय, हे लिहून द्याल का?

पैसे महिन्याच्या हिशेबाने द्या, वर्षाचे एकदम नको. यूपीआयने द्या आणि पावती घ्या. घेतलेल्या पैशाची सेवा मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

एक्स-रेत खुबा सैल दिसला तर ओढण्याचा विचार सोडून द्या. तो कुत्रा चालेल, पोहेल, दारात राखण करेल, तुमच्या पायाशी झोपेल. त्याच्यात उणं काही नाही. आणि एक्स-रे साफ आला तर तुमच्याकडे अजून सात-आठ वर्षं आहेत. म्हणून ओढण्याच्या हार्नेसची ऑर्डर एक्स-रेचा रिपोर्ट हातात आल्यावरच द्या.