‘कालिया मर्दन’ कसा वाचला?

मे महिन्यात चंद्रपूरच्या हॉस्टेलवर पंखासुद्धा गरम हवा फेकतो, हे तुम्हाला सांगायला नको. आता अशा उन्हाळ्यात एखादी जुनी फिल्म पत्र्याच्या डब्यात वर्षानुवर्षे पडून राहिली, तर तिचे काय होईल?

मूकपटांच्या काळात फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. तोफेच्या दारूत वापरतात त्या गनकॉटनची ही सख्खी बहीण. ऑक्सिजन तिच्यातच असतो, त्यामुळे एकदा पेटली की पाण्यातही जळते. नाही पेटली तरी उष्णतेने आणि दमट हवेने ती सडते. त्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड वायू डब्यात कोंडले की सडणे आणखी वाढते. आधी फिल्म चिकट होते, शेवटी तपकिरी भुकटी उरते. भारतात मूकपट निघाले तेराशेच्या आसपास, उरले मूठभर.

त्यातलाच एक दादासाहेब फाळके यांचा १९१९ चा ‘कालिया मर्दन’. कृष्ण झाली होती त्यांचीच छोटी मुलगी, मंदाकिनी. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि पी. के. नायर फिल्मा शोधत हिंडू लागले. ‘कालिया मर्दन’चे तुकडे मिळाले. पण नुसत्या तुकड्यांचा काही सिनेमा होत नाही! कोणते दृश्य आधी, कोणते नंतर, हे कळले ते फाळक्यांनी स्वतः करून ठेवलेल्या नोंदींवरून.

उलट ‘आलम आरा’ बघा. १९३१ चा आपला पहिला बोलपट. नायर आर्देशीर इराणींकडे पोचले, तोवर रिळे चांदी काढण्यासाठी गेली होती, असे ते सांगत. फिल्मच्या थरात चांदी असते ना! आज त्याची एकही प्रत माहीत नाही.

कॅनडातल्या डॉसन सिटीत १९७८ मध्ये खोदकाम करताना पाचशेवर रिळे निघाली. हॉलिवूडचे हरवलेले मूकपट त्यात होते. १९२९ मध्ये पुरलेली ही रिळे टिकली, कारण तिथली जमीन बारमाही गोठलेली. आपल्या मातीत असा फ्रीज नाही.

म्हणून सांगतो, सुट्टीत गडचिरोलीकडे, वडशाकडे घरी जाल तेव्हा कपाट उघडा. झाडीपट्टीच्या नाटकाची, कुणाच्या लग्नाची एखादी व्हिडिओ कॅसेट सापडेल. कॉपी करून घ्या, कोरड्या जागी ठेवा, मूळ फेकू नका. आणि मुख्य म्हणजे गाव, साल, माणसांची नावे वर लिहा. आजी आहे तोवर तिला विचारा. नंतर सांगणारे कोणी उरत नाही.