आजार कोठून येतो?



घरात कुणी आजारी पडले की आपण विचारतो, "कोणत्या डॉक्टरांकडे नेले? औषध काय दिले?" हे प्रश्न योग्यच आहेत. पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न सहसा राहून जातो. हा माणूस आजारी पडला का? आणि त्याच तालुक्यातला दुसरा का पडला नाही? आजच्या अभ्यासात आम्ही या प्रश्नाकडे वळत आहोत.

१. फरक, दुर्दैव आणि अन्याय

म्हातारपणी गुडघे दुखतात, तरुणपणी सहसा दुखत नाहीत. हा नुसता फरक झाला. एखाद्या बाळाला जन्मतःच दुर्मीळ विकार असतो. ते दुर्दैव. पण जो फरक टाळता आला असता, आणि जो माणसांनी उभ्या केलेल्या व्यवस्थेतून आला, त्याला अन्यायच म्हणावे लागते. दुर्दैव सोसावे लागते, अन्याय दूर करावा लागतो. अन्यायालाच आपण "नशीब" म्हणू लागलो, तर तो दूर करण्याची जबाबदारी कुणावरच राहत नाही.

२. जगाने काय पाहिले?

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली मायकल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. त्याचा अहवाल २००८ मध्ये आला. त्यात स्कॉटलंडमधील ग्लासगो परिसराचे उदाहरण आहे. काल्टन या गरीब वस्तीतील पुरुषाचे सरासरी आयुर्मान ५४ वर्षे, तर तेथून अवघ्या १३ किलोमीटरवरील सुखवस्तू लेन्झीत ८२ वर्षे! ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा १९४८ पासून सर्वांना खुली आहे. तरीही २८ वर्षांचे अंतर पडले. म्हणजे नुसता दवाखाना असून भागत नाही. घर, रोजगार, शिक्षण, बालपणीचा आहार, वस्तीतील वातावरण हे सारे माणसाच्या शरीरात उतरत असते.

याच मार्मट यांनी लंडनमधील सुमारे अठरा हजार पुरुष सरकारी नोकरांच्या पाहणीवर काम केले होते. ही पाहणी १९६७ मध्ये सुरू झाली. त्यात कुणी उपाशी नव्हते, बेकार नव्हते. तरीही सर्वात खालच्या श्रेणीतील नोकरांचे मृत्यूचे प्रमाण सर्वात वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाले. धूम्रपानासारख्या सवयींनी त्यातील काही भागच उलगडला. आरोग्याची ही शिडी आहे. प्रत्येक पायरी उतरताना आयुष्य थोडे थोडे कमी होत जाते.

आपल्या देशाचे काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सर्वात गरीब पाचव्या हिश्श्यातील कुटुंबांत पाच वर्षांखालील ४६ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. सर्वात सधन पाचव्या हिश्श्यात हे प्रमाण २३ टक्के होते. इथे पायरी वयाच्या पाचव्या वर्षाआधीच ठरून जाते.

३. जामखेडचा धडा

उपाय शोधायला फार दूर जायला नको. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडला आले. तो दुष्काळाचा काळ होता. त्यांनी लोकांना विचारले, "तुम्हाला काय हवे?" लोकांनी दवाखाना मागितला नाही. त्यांनी अन्न आणि पाणी मागितले.

मग विंधन विहिरी घेतल्या गेल्या, आणि गावोगावी हातपंप बसले ते दलित वस्तीत. पाणी हवे तर साऱ्या गावाने तेथे जायचे. एका हातपंपाने तहान भागली, हगवण कमी झाली आणि शिवाशिवीलाही धक्का बसला. पुढे गावानेच निवडलेल्या स्त्रिया आरोग्य सेविका झाल्या. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या. बाळंतपण, लसीकरण, बाळाचे वजन, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी हे सारे त्यांनी शिकून घेतले. महिला मंडळे व शेतकरी मंडळे उभी राहिली. सुरुवातीला तेथे हजारी सुमारे १७६ अर्भके दगावत. १९९० च्या दशकात हा आकडा पंचवीसच्या खाली आला. या कामासाठी दोघांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

४. धोरण का हवे?

पण प्रत्येक तालुक्याला आरोळे कोठून मिळणार? म्हणून सरकारी धोरण लागते. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारण हजार वस्तीमागे एक आशाताई आली. विचार जामखेडच्याच वाटेवरचा आहे. मात्र ही आशाताई कायम नोकरीत नाही, तिला कामागणिक मोबदला मिळतो. २०२३ मध्ये महाराष्ट्रातील आशाताईंना संप करावा लागला. जिच्या हाती आपण गावाचे आरोग्य सोपवले, तिच्याच जगण्याची शाश्वती नसावी, हा विरोधाभास आपण निमूटपणे पाहावा काय?

पैशाचेही तसेच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करण्याचे ठरवले होते. ते साधले नाही. २०२१-२२ च्या हिशेबानुसार देशात आरोग्यावर खर्च होणाऱ्या शंभर रुपयांपैकी सुमारे ३९ रुपये लोकांच्या खिशातून थेट जातात. ज्याच्या खिशात काहीच नाही तो शेत विकतो, दागिना गहाण टाकतो किंवा दुखणे अंगावर काढतो.

आपण काय करू शकतो? गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिला अबंधित निधी मिळतो. ग्रामसभेत तिचा हिशेब विचारता येतो. अंगणवाडीतला आहार, नळाचे पाणी, गटारे, उपकेंद्रातील औषधे हे विषय तेथे मांडता येतात. रुग्णाला दिलेली मदत हे प्रेमाचे काम आहे, ते चालूच राहावे. पण तोच आजार दर पावसाळ्यात त्याच वस्तीत येत असेल, तर न्यायाचे काम अजून बाकी आहे असे समजावे.

वाडीतील बैठकीत चर्चेसाठी:

१. आपल्या परिसरात कोणत्या वस्तीत आजार अधिक आहेत? तेथे पाणी कोठून येते?
२. आपल्या आशाताईला तिच्या अडचणी आपण कधी विचारल्या आहेत काय?
३. पुढील ग्रामसभेला आपल्या वाडीतून कोण जाणार आणि कोणता एक प्रश्न मांडणार?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नावानिशी लिहून ठेवावे, ही आमची विनंती.