वाचकाची आवड आणि पुस्तकाची निवड

शाळेच्या कपाटातील पुस्तके वर्षभर जागची हलत नाहीत, ही तक्रार पुष्कळ ठिकाणी ऐकू येते, आणि मुलांना वाचनाची आवडच उरलेली नाही, असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. हा निष्कर्ष घाईचा होय. बहुधा उणीव आवडीची नसते, निवडीची असते. भलतेच पुस्तक हाती पडून एकदा कंटाळलेला वाचक कपाटाकडे पुन्हा सहसा फिरकत नाही.

एका शाळेतील उदाहरण बोलके आहे. गडकोटांच्या गोष्टी ऐकताना देहभान विसरणारा सातवीतला एक मुलगा होता. गुरुजींनी मोठ्या ममतेने त्याला हरिभाऊ आपट्यांचे ‘उषःकाल’ दिले. आठ दिवसांनी ते परत आले; दुमडलेल्या पानाची खूण विसाव्या पानावरच होती. मुलगा आळशी, अशी गुरुजींची समजूत झाली. वस्तुतः ही कादंबरी १८९५ ते १८९७ या काळात ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झालेली. आठवड्याला एक प्रकरण वाचून पुढच्या अंकाची वाट पाहणाऱ्या प्रौढ वाचकांसाठी ती लिहिली गेली. तिचा संथ ओघ, लेखकाने मध्येच थांबून वाचकाशी साधलेला संवाद, ही तिची गोडी आहे. परंतु बारा वर्षांच्या मुलास ती गोडी कळावयास अवधी लागतो. त्याला त्याच लेखकाचे ‘गड आला पण सिंह गेला’ आधी द्यावयास हवे होते. १६७० मधील कोंढाण्याचा एकच प्रसंग, ओळखीचा नायक आणि आटोपशीर विस्तार यांमुळे ते मुलांच्या हाती टिकते. तेही नुसते हाती न देता पहिले प्रकरण गुरुजींनी वर्गात वाचून दाखवावे आणि ऐन रंगात आले असता पुस्तक मिटावे. पुढचे काम मूल स्वतः करते.

‘गुरुजी, हे खरेच असे घडले का?’ असा प्रश्न विचारणारा वाचक निराळा. त्यास गप्प बसविणे हा मोठाच अपराध ठरेल. रणजित देसाई यांचे ‘स्वामी’ १९६२ साली प्रसिद्ध झाले. पानिपतानंतर १७६१ मध्ये अवघ्या सोळाव्या वर्षी माधवरावांना पेशवेपद मिळाले आणि १७७२ मध्ये थेऊर येथे क्षयाने त्यांचा अंत झाला, हा इतिहास. रमाबाईंशी त्यांचे एकांतातले बोलणे ही कादंबरीकाराची निर्मिती. हा भेद शिक्षकाने उघडपणे सांगावा. त्याने पुस्तकाचा रस कमी होत नाही. तानाजी पडल्यावर कोंढाण्याचे नाव सिंहगड झाले, असे सर्वजण सांगतात. परंतु ते नाव त्यापूर्वीच्या पत्रांतही आढळते, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. एवढे सांगितले तरी चौकस मूल खडबडून जागे होते. अशा वाचकास पुढे गो. स. सरदेसाई यांच्या ‘मराठी रियासती’तील निवडक पाने दाखवावीत. त्याहूनही सरस म्हणजे गोडसे भटजींचे ‘माझा प्रवास’. दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे गेलेला वरसईचा हा भिक्षुक १८५७ च्या वणव्यात झाशीत सापडला; त्याने जे पाहिले ते लिहिले, आणि ते १९०७ मध्ये छापले गेले. झाशीच्या पाडावाचे वर्णन मात्र भयंकर आहे. लहानांना तो भाग शिक्षकाने स्वतः निवडून वाचून दाखवावा.

येथे एक नाजूक गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतून शत्रू व धर्म यांची सांगड सहज घातली जाते. ते पुस्तक वाचताना वर्गात मुसलमान मूलही बसलेले असते, याचा विसर पडू नये. पानिपतावर इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या बाजूने लढला व प्राणास मुकला, हे अशा वेळी सांगावयाचे नाही तर केव्हा? तसेच, ज्या मुलाच्या वाडवडिलांचे नाव गडांच्या कथांत क्वचितच येते, त्यासही आपली माणसे पुस्तकात भेटली पाहिजेत. अण्णा भाऊ साठे यांची १९५९ ची ‘फकिरा’ वरच्या वर्गातील मुलांना व गावातील तरुणांना अवश्य द्यावी. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा मांगवाड्यातला नायकही इतिहासातलाच आहे.

काही मुलांना इतिहास रुचतच नाही. त्यांच्यावर सक्ती करू नये. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या साहसकथा, त्यांचा फास्टर फेणे, जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा, चिं. वि. जोशी यांचा चिमणराव यांतील काही ना काही त्यांना धरून ठेवतेच.

गावातील प्रौढही शाळेचे वाचक होऊ शकतात. स्त्रियांच्या बैठकीत लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मोठ्याने वाचून पाहावीत. बोलल्यासारखी ती भाषा अक्षरओळख नसलेल्या आजीबाईंनाही परकी वाटत नाही. शिक्षकांनी स्वतःसाठी व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ ची ‘बनगरवाडी’ राखून ठेवावी. धनगरांच्या वाडीत नवख्या मास्तराची कशी परीक्षा होते, हे तीत वाचताना अनेकांना आपली पहिली नेमणूक आठवेल.

राहता राहिली व्यवस्था. देवघेवीच्या वहीत नाव व तारीख यांपुढे आणखी एक रकाना आखावा : वाचक कोणत्या पानावर थांबला. हा रकाना रागावण्यासाठी नसून पुढचे पुस्तक निवडण्यासाठी आहे, हे मुलांना आधीच सांगावे, नाहीतर प्रत्येक जण शेवटचेच पान लिहील. पुस्तक फाटेल, हरवेल, मग तपासणीच्या वेळी उत्तर द्यावे लागेल, या धास्तीने कपाटास कुलूप राहते. धास्ती समजण्यासारखी आहे. तथापि वाचून फाटलेल्या पुस्तकाची नोंद रीतसर करता येते. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा तास कपाट उघडे ठेवावे आणि त्या वेळेपुरती किल्ली सातवीतल्या एखाद्या मुलीकडे सोपवावी.