वाटी भरलेली, पक्षी उपाशी

(घरात पक्षी पाळण्याची हौस अनेकांना असते. पण हौसेबरोबर जबाबदारीही येते. पोपटाच्या कुळातील पाळीव पक्ष्याला काय खायला द्यावे, किती द्यावे आणि काय देऊ नये, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, मराठीत ज्याला आपण पोपट किंवा राघू म्हणतो, त्यालाच उर्दूत तोता म्हणतात. पण एक नाव दोन्ही भाषांत सारखेच आहे. ते म्हणजे मिठू! पोपट दिसला, की मराठी बोलणारा असो वा उर्दू बोलणारा, तो 'मिठू मिठू' अशीच हाक मारतो. हा मिठू पिंजऱ्यात बसतो आणि हिरवी मिरची खातो, असे चित्र आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. या चित्रात दोन चुका आहेत. आज त्या समजून घेऊ.

पहिली चूक पिंजऱ्याची आहे. आपल्याकडचा हिरवा पोपट हा रानपक्षी आहे. त्याला पकडणे, विकणे किंवा घरात पाळणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्यानुसार गुन्हा आहे. त्याचे अन्न झाडांवर आणि शेतात असते. कोणी पोपटाचे पिल्लू विकायला आणले, तर ते घेऊ नका. कोणाच्या घरी असा पोपट आधीपासून असेल, तर त्याला एकदम उडवूनही देऊ नये. पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाला नीट उडता येत नाही व अन्नही शोधता येत नाही. अशा वेळी वनविभागाला कळवावे.

मग घरोघरी पिंजऱ्यात दिसणारे ते लहान, रंगीत पक्षी कोणते? बाजारात त्यांना 'लव्हबर्ड' म्हणतात. पण खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. हे पक्षी ऑस्ट्रेलियातले आहेत. त्यांचे नाव बजरीगर. लाडाने त्यांना 'बजी' म्हणतात. बजी हा पोपटाच्याच कुळातला पक्षी आहे. १८४० साली जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने जिवंत बजी इंग्लंडला नेले. त्यानंतर हे पक्षी पिंजऱ्यातच वाढवले जाऊ लागले आणि जगभर पसरले. आपल्या देशात बजी पाळता येतो. म्हणून या पाठात त्याच्या जेवणाचा विचार करू.

दुसरी चूक जेवणाची आहे. समजा, तुमच्या घरी एक बजी आहे. त्याला दाणे घालण्याचे काम तुमच्याकडे आहे. सकाळी शाळेला जाताना तुम्ही पिंजऱ्याकडे पाहता. वाटी काठोकाठ भरलेली दिसते. "अम्मी, दाणे आहेत!" असे सांगून तुम्ही निघून जाता. दुसऱ्या दिवशीही तसेच होते. तिसऱ्या दिवशी पक्षी पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसतो. असे का झाले? वाटी तर भरलेली होती!

त्याचे उत्तर वाटीतच आहे. बजी दाणा तसाच गिळत नाही. तो चोचीने दाणा सोलतो, आतला गर खातो आणि टरफल खाली टाकतो. ते टरफल पुन्हा वाटीतच पडते. त्यामुळे वाटी भरलेली दिसते. पण तिच्यात खायला काहीच नसते. बजीचे वजन अवघे ३० ते ४० ग्रॅम असते. एवढा लहान जीव एक-दोन दिवस उपाशी राहिला, तरी त्याच्या जिवावर बेतते. म्हणून रोज वाटीवर हलकी फुंकर मारा. टरफले उडून जातील आणि खरे दाणे किती उरले, ते दिसेल.

आता दाण्यांविषयी. आपल्याकडे बजीला बहुधा राळा घालतात. उर्दूत त्याला कंगनी म्हणतात. बाजरी आणि सूर्यफुलाचे बीही घालतात. पक्षी हे सर्व आवडीने खातो. पण जे आवडते, ते पुरेसे असतेच असे नाही. तुम्हांला रोज तिन्ही वेळा फक्त भजी दिली, तर कसे होईल? सूर्यफुलाच्या गरात जवळजवळ निम्मी चरबी असते. नुसते दाणे खाणाऱ्या पक्ष्याला 'अ' जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि आयोडीन कमी पडते. 'अ' जीवनसत्त्व कमी पडले, तर पक्ष्याचे नाक वाहू लागते व तोंडात पांढरे चट्टे येतात. आयोडीन कमी पडले, तर गळ्यातील ग्रंथी सुजते आणि त्याला श्वास घेणे जड जाते. कॅल्शियम कमी पडले, तर मादीचे अंडे पोटात अडकते. चरबी वाढली, तर यकृत बिघडते.

तुम्ही विचाराल, "ऑस्ट्रेलियातले रानटी बजीही गवताचे बीच खातात ना?" प्रश्न बरोबर आहे. पण ते नाना प्रकारच्या गवतांचे बी खातात. त्यात कोवळे, हिरवे बीही असते. शिवाय अन्नपाण्यासाठी ते लांबलांब उडतात. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला तेच ते सुके दाणे मिळतात आणि उडायला जागा नसते.

मग त्याचे ताट कसे असावे? दुकानात पक्ष्यांसाठी तयार खाद्याच्या बारीक गोळ्या मिळतात. त्यांना 'पेलेट' म्हणतात. त्यांत धान्य, जीवनसत्त्वे व क्षार योग्य प्रमाणात मिसळलेले असतात. ताटाचा निम्मा किंवा थोडा अधिक भाग पेलेटचा असावा. त्यानंतर भाज्या. किसलेले गाजर, लाल भोपळा, मेथी, कोथिंबीर, शेवग्याची पाने, मक्याचे कोवळे दाणे आणि मोड आलेले मूग यांतून रोज दोन-तीन प्रकार द्यावेत. पालक मात्र कधीतरीच द्यावा. कारण त्यातील एका द्रव्यामुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. दाणे थोडेच असावेत. पेरू, पपई, डाळिंब यांसारखे फळ चवीपुरते द्यावे. दाणे आणि पेलेट मिळून एका बजीला दिवसाला सुमारे दोन लहान चमचे खाद्य पुरते.

पिंजऱ्यात समुद्रफेसाचा एक तुकडा अडकवावा. उर्दूत त्याला समंदर झाग म्हणतात. नावात फेस असला, तरी तो फेस नाही. माकूळ जातीच्या समुद्री प्राण्याच्या अंगातील तो पांढरा, हलका कवचासारखा भाग असतो. तो कुरतडला, की पक्ष्याला कॅल्शियम मिळते आणि चोचही घासली जाते.

आणि मिरची? मिरचीतील ज्या द्रव्यामुळे आपले तोंड भाजते, ते पक्ष्यांना झोंबत नाही. म्हणून ते मिरची मजेत खातात. मिरचीत जीवनसत्त्वे असतात. ती थोडी दिली तर चालते. पण मिरची म्हणजे संपूर्ण जेवण नव्हे. मिरचीने पोपट लवकर बोलू लागतो, ही समजूतही खरी नाही.

काही पदार्थ पक्ष्याला कधीही देऊ नयेत. चहा, कॉफी, चॉकलेट, कांदा, लसूण, खारट व तळलेले पदार्थ त्याला अपायकारक आहेत. अॅव्होकॅडो हे फळ तर त्याला विषासारखे आहे. सफरचंद देताना बिया काढाव्यात. दादीजान प्रेमाने दुधात भिजवलेली चपाती देत असतील, तर त्यांना नम्रपणे सांगा, की पक्ष्याला दूध पचत नाही. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका. अन्न न चिकटणारा तवा फार तापला, तर त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो.

हे सर्व वाचून तुम्ही आजच दाणे बंद कराल. तसे मात्र करू नका! दाण्यांची सवय झालेला पक्षी नवे खाद्य ओळखतच नाही. तो उपाशी राहील, पण त्याला तोंड लावणार नाही. म्हणून दाण्यांत थोडे पेलेट मिसळावेत आणि काही आठवड्यांत हळूहळू त्यांचे प्रमाण वाढवावे. या काळात पक्ष्याचे वजन रोज लहान काट्यावर पाहावे. ३५ ग्रॅमच्या पक्ष्याचे वजन तीन-साडेतीन ग्रॅमने घटले, तर लगेच पशुवैद्याकडे जावे. पाणी दिवसातून दोनदा बदलावे. कापलेली भाजी दोन-तीन तासांनी काढून टाकावी. उन्हाळ्यात ती लवकर सडते.

मित्रांनो, उर्दूत मुक्या जीवाला बेजबान म्हणतात. आपला मिठू चार शब्द बोलतो, म्हणून आपण त्याला बोलका समजतो. पण 'मला भूक लागली आहे', 'माझे पोट दुखते आहे', हे तो सांगू शकत नाही. रानातला पक्षी आपले अन्न स्वतः निवडतो. पिंजऱ्यातल्या पक्ष्याच्या वतीने ती निवड आपल्याला करावी लागते. अर्थ न समजता पाठ म्हणणे याला मराठीत पोपटपंची म्हणतात. या धड्याची पोपटपंची करू नका. आज घरी गेल्यावर आधी वाटीवर फुंकर मारून पाहा.

शब्दार्थ

हौस – आवड, शौक
कूळ – घराणे, गट
टरफल – दाण्यावरचे साल
गर – दाण्याच्या आतला खाण्याचा भाग
चट्टा – डाग
अपायकारक – नुकसान करणारे
समजूत – मानलेली गोष्ट
जिवावर बेतणे – प्राण धोक्यात येणे
अंगी लागणे – खाल्लेले शरीराला उपयोगी पडणे
तोंड न लावणे – जराही न खाणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बजी हा पक्षी मूळचा कोणत्या देशातला आहे?
(आ) राळा या धान्याला उर्दूत काय म्हणतात?
(इ) समुद्रफेसातून पक्ष्याला काय मिळते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) वाटी भरलेली असूनही पक्षी उपाशी राहिला.
(आ) पक्षी मिरची मजेत खातात.
(इ) दाणे एकदम बंद करू नयेत.

प्र. ३. 'जिवावर बेतणे' आणि 'अंगी लागणे' या वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.

प्र. ४. वचन बदला.
दाणा, वाटी, पिंजरा, चोच, फळ

उपक्रम : तुमच्या किंवा शेजारच्या घरातील पाळीव पक्ष्याला दिवसभरात काय खायला दिले, याची सात दिवस वहीत नोंद करा. त्यात कोणत्या गोष्टी कमी पडल्या, ते वर्गात मराठीतून सांगा.